सोबत कोण आलंय?

गेले होते पित्ताशयातले खडे काढायला. जून २०२२ मध्ये शाळा सुरू झाली आणि आठवड्यातून दोनदा तरी रात्री उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. सोनोग्राफीत खडे दिसले, जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्जननी जुलैची तारीख दिली. ऑपरेशनआधी रक्त, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे. एक्स-रे काढणारा मुलगा विशीतला असेल. त्याने मला प्लेटला छाती टेकवून उभं केलं, श्वास भरून रोखायला लावला आणि आत गेला. बराच वेळ बाहेरच येईना. मग दार अर्धं उघडून म्हणाला, "मॅडम, सोबत कोण आलंय?"

मला वाटलं, पैसे भरायचे असतील. मी यांना आत पाठवलं.

यांच्याशी सर्जन कॉरिडॉरमध्येच बोलले. मी दहा पावलांवर बाकावर बसले होते, पण मला कोणी बोलावलं नाही. परतीच्या वाटेवर धरणगावला चहाला थांबलो. यांनी चहा घेतला आणि कपातच ठेवला.

"काय म्हणाले?"

"खडे नंतर काढू म्हणाले."

"का पण?"

"छातीत गाठी दिसताय. दोन्हीकडे."

जे मला सांगितलं नाही, ते घरी पोचायच्या आत दिरांना फोनवर कळलं होतं. डॉक्टरांचे शब्द होते, कुठला तरी कॅन्सर आहे आणि तो फुफ्फुसात पसरलाय. मूळ कुठे ते शोधू, पण फार आशा ठेवू नका.

आता मागे वळून बघताना मी त्या डॉक्टरांना फार दोष देत नाही. तो एक्स-रे नंतर मी स्वतः कितीतरी वेळा पाहिला. दोन्ही फुफ्फुसांत पांढरे गोल ठिपके, कडा अगदी रेखीव, काही वाटाण्याएवढे, काही बोराएवढे. शेचाळीस वर्षांच्या बाईच्या छातीत असं दिसलं तर दहातले नऊ डॉक्टर तेच म्हणतील. राग आहे तो एवढाच की तुकडा तपासायच्या आधी निकाल सांगितला, आणि सांगितला तो ज्याची छाती आहे तिला सोडून.

दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन. सर्वांत मोठी गाठ १८ मिलिमीटरची, उजव्या फुफ्फुसात खाली, पाठीच्या बाजूला. मग शोध सुरू झाला मूळ जागेचा. आधी टीबी, कारण आपल्याकडे छातीत काहीही दिसलं की पहिला पाहुणा तोच. पण थुंकी द्यायला खोकला तर हवा! मला खोकलाच नव्हता. कशीबशी डबीत तळाला लागेल एवढी दिली, त्यात काही निघालं नाही. मग मॅमोग्राफी, गळ्याची सोनोग्राफी, घशातून दुर्बीण, मागच्या बाजूने दुर्बीण, आणि कॅन्सरचा माग काढणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, सीए-१२५ आणि सीईए. सगळं नॉर्मल. नाशिकला जाऊन पेट स्कॅन केला. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, म्हणून त्या स्कॅनमध्ये दिव्यासारख्या उजळतात असं तिथल्या सिस्टरने सांगितलं होतं. माझ्या गाठी जेमतेम मिणमिणल्या.

वजन तेच, अठ्ठावन्न किलो. भूक तीच. मी शाळेत जात होते, पोरांना लसावि-मसावि शिकवत होते.

आणि घरी माणसं भेटायला येत होती.

आमच्या अमळनेरकडच्या खेड्यात आजारपण लपत नाही. पारले बिस्किटाचे पुडे, शहाळी, मोसंबी. मी ओट्यावर भांडी घासत असायची आणि आलेली बाई दारातच थबकायची, कारण तिच्या मनातली मी खाटेवर असायला हवी होते. "माय वं, सोनासारखी बाई, इले काय व्हयनं!" असं म्हणून ती रडायला लागली की मीच हात पुसून तिला पाणी द्यायची. एकदा मी कळण्याच्या भाकरीसोबत भरीत खात बसले होते आणि यांच्या मावशी माझ्या ताटाकडे अशा बघत राहिल्या, जशी मी काही चोरून खातेय. जाताना त्यांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं, पोरगी अठराची झाली की उरकून टाका, आईच्या डोळ्यांदेखत झालेलं बरं. पोरगी बारावी सायन्सला होती. तिने ते आतून ऐकलं आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

त्या सगळ्या गलक्यात एकच माणूस ठाम होतं, माझी सासू. आम्ही तिला जिजी म्हणतो. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. "ती जेवस, शाळामा जास. मरनारी बाई अशी राहस का?" एवढंच तिचं म्हणणं. कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मीसुद्धा नाही.

जुलैच्या शेवटी सीटीच्या मशीनमध्ये सुई घालून तुकडा काढायचं ठरलं. हे दुसऱ्या हॉस्पिटलात. पालथं झोपवलं, पाठीवर एका जागी बधिर केलं. सुई जराशी आत सरकवायची, स्कॅन करायचा, पुन्हा सरकवायची. "आता श्वास रोखा, अजिबात हलू नका," आणि मग खट् असा आवाज, स्टेपलरसारखा. दुखलं नाही, पण तो आवाज छातीच्या आतून आल्यासारखा वाटला. असे चार आवाज झाले. चिमटीत पांढऱ्या दोऱ्यासारखे तुकडे धरून डॉक्टरांनी फॉर्मॅलिनच्या बाटलीत सोडले. नंतरच्या एक्स-रेत फुफ्फुसाभोवती थोडी हवा शिरलेली दिसली. असं होतं कधीकधी, आपोआप जिरते म्हणाले, पण रात्रभर ठेवून घेतलं.

शेजारच्या खाटेवर शिरपूरकडची एक बाई होती. पोट पाण्याने टम्म, सीए-१२५ भलताच वाढलेला. तिला तीन ठिकाणी अंडाशयाचा कॅन्सर म्हणून सांगितलं होतं. दुर्बिणीतून पोट पाहिलं तर आतल्या पडद्यावर सगळीकडे बारीक दाणे, म्हणजे नजरेलाही कॅन्सरच. दाण्यांचा तुकडा तपासला तेव्हा निघाला पोटातला टीबी. तो सीए-१२५ टीबीतही वाढतो, एन्डोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे पिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढतं त्या आजारातही वाढतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. सकाळी तिचा नवरा वॉर्डभर पेढे वाटत फिरला. टीबी निघाला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या आणि बाई बरी. मी पेढा खाल्ला आणि आयुष्यात पहिल्यांदा टीबी मागितला.

कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मोबाईल वाजला. घरात रोटांची तयारी चालली होती. नंबर अनोळखी. पलीकडून एका बाईचा आवाज, घाईतला: "मी पॅथॉलॉजी लॅबमधून बोलतेय. तुमचा तुकडा माझ्याकडे आहे. एक विचारायचं होतं. तुमची पिशवी काढलीय का?"

मी म्हटलं, "हो. २०११ ला."

"कशासाठी?"

"गाठी होत्या. खूप अंगावर जायचं."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग त्या म्हणाल्या, "फॉर्मवर तर आधीचं ऑपरेशन एकच लिहिलंय, सिझेरियन."

फॉर्म यांनी भरला होता. पण खरं सांगायचं तर मी भरला असता तरी तेच लिहिलं असतं. आमच्या गल्लीत पस्तिशी-चाळिशीतल्या कितीतरी बायकांची पिशवी काढलेली आहे. ते कोणी ऑपरेशन मोजतच नाही. सुटका मोजतात. माझं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं, पिशवी गेली, रक्त वाढलं, विषय संपला. शिवाय सिझरच्याच टाक्यावरून पोट उघडलं होतं, म्हणून खूण एकच. सर्जननी पोट तपासताना विचारलं होतं, "सिझर?" आणि मी मान हलवली होती. पोटाच्या सीटीच्या रिपोर्टात खाली एक ओळ होती, गर्भाशय काढलेलं आहे अशा अर्थाची. ती ओळ तीन डॉक्टरांच्या हाताखालून गेली होती. आम्ही तर तो रिपोर्ट वाचलाच नव्हता, फक्त पिशवीत घालून फिरत होतो.

"तेव्हाचा रिपोर्ट असेल का?" पॅथॉलॉजिस्ट बाईंनी विचारलं. "आणि जमलं तर ब्लॉकसुद्धा."

अकरा वर्षांपूर्वीचा कागद! ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं ते आता हयात नव्हते, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. मी फोन ठेवून तशीच उभी राहिले. जिजी रोटांच्या कणकेत हात घालून बसली होती. तिने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "तुनी पिशवीना कागद ना? शे."

तिची लोखंडी ट्रंक. त्यात सातबारे, सोसायटीच्या पावत्या, जिनिंगवाल्यांच्या कापसाच्या पट्ट्या, माझ्या सासऱ्यांचं मतदार कार्ड आणि तळाशी, खताच्या प्लॅस्टिक पिशवीत घडी करून ठेवलेला माझा हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट. हे का ठेवलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, "कागद खास नही का पेस नही. पडू दे पडेल."

रिपोर्ट इंग्रजीतला. गर्भाशयात अनेक गाठी, लिओमायोमा, म्हणजे स्नायूच्या साध्या गाठी. पेशींत विकृती नाही, विभाजन नाही. खाली लॅबचं नाव आणि नंबर. लॅब अजून चालू होती. तिथल्या माणसाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग गोदामात दोन तास घालवून खोक्यातून दोन ब्लॉक काढून दिले. ब्लॉक म्हणजे मेणाची चपटी वडी, प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली, त्यात नखाएवढा फिकट तुकडा. माझ्या पिशवीचा. "उन्हात ठेवू नका, मेण आहे," तो म्हणाला. मी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले आणि एसटीत सावलीच्या बाजूची सीट धरली. कधीकाळी माझ्या अंगात असलेली वस्तू मांडीवर घेऊन प्रवास करताना काय वाटतं हे मला नीट सांगता येणार नाही. हसू येत होतं.

आठवड्याने विशेष तपासण्यांचा रिपोर्ट आला. फुफ्फुसातली गाठ मऊ स्नायूंच्या पेशींची. डेस्मिन पॉझिटिव्ह, अ‍ॅक्टिन पॉझिटिव्ह, म्हणजे स्नायूच. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या बायकी हार्मोनना धरणारे रिसेप्टर, दोन्ही पॉझिटिव्ह. केआय-६७, जो पेशी किती वेगाने वाढताय ते सांगतो, दोन टक्क्यांच्या आत. फुफ्फुसातल्या गाठीला बायकी हार्मोनची भूक कशाला असेल? पिशवीतून आली असेल तरच. जुना आणि नवा तुकडा भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवला, तर सख्ख्या बहिणी.

आजाराचं नाव बिनाईन मेटास्टसायझिंग लिओमायोमा. माझ्या मुलीने ते फोनवर शोधलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. "आई, हे नावच खोटं आहे. बिनाईन म्हणजे साधी, मेटास्टसायझिंग म्हणजे पसरणारी. दोन्ही कसं?" हाच प्रश्न डॉक्टर लोकांनाही बऱ्याच काळापासून पडलेला आहे. १९३९ साली स्टायनर नावाच्या पॅथॉलॉजिस्टने अशा गाठीचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून वाद आहे. सर्वांत मानली जाणारी समजूत अशी की पिशवीतल्या साध्या गाठीचे कण रक्तवाहिनीत शिरतात, फुफ्फुसाच्या गाळणीत अडकतात आणि तिथे वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. नाशिकच्या छातीच्या डॉक्टरांना शेतकऱ्याशी बोलता येत होतं. ते यांना म्हणाले, "बोंडातला कापूस वाऱ्याने उडाला, बांधावर पडला, सरकी रुजली. नको तिथे उगवलं खरं, पण रोप कपाशीचंच आहे. गाजरगवत नाही."

यांना ते लगेच कळलं. मला विचाराल तर त्या एका वाक्याने आमचं घर पुन्हा घर झालं.

छातीच्या डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं: पिशवी दुर्बिणीतून तुकडे करून काढली होती का? मशीनने गाठीचा चुरा करून बाहेर काढताना कण पोटात सांडले तर ते तिथेच रुजू शकतात. आणि गाठीत न ओळखलेला कॅन्सर असला तर तो पसरतो. या कारणाने २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने त्या मशीनबद्दल इशारा दिला होता. माझं पोट उघडून केलेलं, त्यामुळे तो भाग नव्हता.

एक शंका मात्र उरलीच. २०११ ची गाठ खरोखर साधी होती, की तेव्हा सार्कोमा होता आणि नजरेतून सुटला? तो स्नायूचा कॅन्सर, आणि तोही फुफ्फुसातच जातो. म्हणून दोन्ही ब्लॉक घेऊन सप्टेंबरमध्ये मुंबईला टाटा हॉस्पिटलला गेलो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथल्या चार दिवसांबद्दल मी कमी बोलते. डोक्यावर केस नसलेली पोरं जिन्यात पकडापकडी खेळत होती. रावेरचं एक जोडपं होतं, केळीचा बाग विकून आलेलं. त्यांनी विचारलं, तुमचं कुठलं? मी म्हटलं, फुफ्फुसाचं. बाईने माझा हात धरला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, जुनी गाठ साधीच होती, नवीही साधीच आहे, कॅन्सर नाही, पुढचं तुम्ही तिकडेच बघू शकता. मी खाली आले तर ती बाई रांगेत होती. तिला काय सांगायचं ते मला सुचेना. मी दुसऱ्या दाराने बाहेर पडले. ते आजही खुपतं.

कॅन्सर नाही म्हणजे काहीच नाही असं नसतं, हे पुढे कळलं. गाठी आहेत, त्या वाढल्या तर दम लागू शकतो. त्यांचं खाणं इस्ट्रोजेन, आणि २०११ मध्ये वय कमी म्हणून माझे बीजांडकोश ठेवले होते. म्हणजे गाठींची शिदोरी मीच पुरवत होते. पर्याय समोर ठेवले: नुसतं लक्ष ठेवणं, कारण पाळी जायचं वय जवळ आहे, हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या, नाहीतर बीजांडकोश काढणं. आधी हार्मोन बंद करणारं, ल्युप्रोलाइडचं तीन महिन्यांचं इंजेक्शन घेऊन बघायचं ठरलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते घेणं हा मूर्खपणा होता. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता अंगातून वाफ निघायची, पदर भिजायचा, पाच मिनिटांनी थंडी. जिजी मला पंख्याखाली बसलेली बघून खूश व्हायची. "तू आते मन्हामायक व्हयनी." म्हणजे, तू आता माझ्यासारखी झालीस.

सीटीत गाठी वाढल्या नव्हत्या. मग जानेवारी २०२३ मध्ये, एकाच भुलीत, एका डॉक्टरांनी पित्ताशय काढलं आणि दुसऱ्यांनी बीजांडकोश. हो, ते खडे! सहा महिने सगळे त्यांना विसरले होते, माझं पोट सोडून. सात निघाले. हाडांसाठी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू आहे, चालणं चालू आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात केलेल्या सीटीत मोठी गाठ १८ वरून १३ वर आली होती, बारीक दोन-तीन दिसेनाशा झाल्या. पुढच्या वर्षी तशाच. आता वर्षातून एकदा.

ब्लॉक परत मिळाले. जिजीने ते खताच्या त्याच पिशवीत, ट्रंकेत ठेवले, खड्यांच्या डबीशेजारी. मावशी पुन्हा आल्या होत्या, पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा. पेढा खाल्ला, लग्नाचं काही बोलल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मला खोकला झाला, साधाच, शाळेत सगळ्या पोरांना होता तसा. डॉक्टर नवीन, त्यांनी एक्स-रे सांगितला. गल्लीतलंच सेंटर. मुलगाही नवीन. प्लेटला छाती टेकवली, श्वास रोखला, तो आत गेला. मी ब्लाउजची बटणं लावून पर्स उघडून बसले. बराच वेळ गेला. मग दार अर्धं उघडलं. पोरगं पांढरंफटक.

"मॅडम... सोबत कोण आलंय?"

"ये, बस," मी म्हटलं, आणि फाईल काढली.